घरच्या घरी ओव्हरऑइल

९ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं कार्ड मिळालं. आधी ते माझ्या मागच्या खोलीवर गेलं, तिथल्या घरमालकानं त्यावर भाजीचा हिशेब केला, मग पाठवलं. तेव्हा तुझ्या नोकरीची बातमी मला कांद्याच्या भावासकट कळली.

पाणीखात्यात मीटर वाचायचे. आपल्या घरात आजवर कुणी काही वाचलं नाही, तू निदान मीटर तरी वाचशील. आई असती तर तिनं आळीभर सांगितलं असतं.

मी सध्या नदीवरच्या पुलाचे कठडे रंगवतो. एका टोकाला सुरू करायचं आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाचे पोपडे निघतात. माझ्यासोबत एक म्हातारा आहे, त्याची उभी हयात ह्याच पुलावर गेली. त्याला विचारलं, कंटाळा येत नाही का? तर म्हणतो, कसला कंटाळा, रोज वेगळं पाणी खालून जातं. मला त्याचं पटलं आणि त्याच दिवशी ठरवलं, पुढच्या महिन्यात इथून निघायचं. आपण पाण्याच्या बाजूचे, कठड्याच्या नव्हे.

मूळ मुद्दा राहिलाच. तू लिहिलंयस की सायकल सर्व्हिसिंगला टाकावी म्हणते. अजिबात टाकू नकोस. सर्व्हिसिंग म्हणजे असतं काय? पुसणं, तेल पाजणं, आवळणं. ह्यातलं कुठलं काम आपल्या घरात कुणाला येत नाही? माझ्या सायकलला वर्षभरात परक्याचा हात लागलेला नाही. चेनला केसांचं तेल घालतो. सीट डुगडुगत होती तिथे जुन्या चपलेचा तुकडा ठोकलाय. मागचं चाक जरा झिंगल्यासारखं फिरतं, पण आडरस्त्याला ते कळत नाही आणि सरळ रस्ते मी तसेही टाळतो.

दाजींना म्हणावं, जो माणूस दिवसभर सुईत दोरा ओवतो त्याला चेन चढवणं काय जड आहे? हात असून दुसऱ्याला पैसे देणं म्हणजे स्वतःच्या तोंडात दुसऱ्याकडून घास भरवून घेणं.

तुझा,
भिंगऱ्या


१८ जानेवारी

भिंगऱ्या,

पायाला भिंगरी म्हणून आईनं तुला हे नाव ठेवलं. जिभेला काय आहे ते तिनं पाहिलं नव्हतं.

तुझं पत्र माझ्याआधी ह्यांच्या हाती पडलं. ह्यांनी ते दुकानात मोठ्यानं वाचलं, तुझ्या घासाच्या ओळीला मान डोलावली आणि बाह्या सरसावल्या. त्या क्षणापासून माझी सायकल कापड बेतायच्या टेबलावर सुटी पडली आहे. चाकातले छर्रे बटणांच्या डब्यात आहेत. काल एका शर्टाला ग्रीसचं बोट लागलं.

आता नीट वाच, गंमत नाही. माझी नोकरी कच्ची आहे, मार्चअखेरपर्यंत. मला टेकडीपलीकडची वस्ती दिली आहे, कारण तिकडे कुणीच जायला तयार नव्हतं. बस नाही. सध्या शेजारणीची सायकल मागून नेते, पण ती किती दिवस देईल? अंगणातल्या खड्ड्यावरचं लोखंडी झाकण आकड्यानं उचलायचं, काचेवरचा चिखल पुसायचा, आकडा टिपायचा, तोवर मागून कुत्रं येतं. मला काम आवडतंय, खरं सांगते. पण ऑफिसात साहेबांचा भाचा रोज स्टुलावर येऊन बसतो. त्याला काम काही नाही. मी उशिरा येते का एवढं पाहणं हेच त्याचं काम. माझा एखादा दिवस चुकला की तो त्या स्टुलावरून उठून माझ्या खुर्चीत बसेल. तेव्हा सायकल चालली तर नोकरी आहे.

समोर पंक्चरशेठचं दुकान आहे, दहा पावलांवर. पण तिथं हे जाणार नाहीत. गेल्या साली त्याची पँट गुडघ्यावर फाटली. आमच्या दुकानाकडे तोंड करून बसला, ट्यूबचं ठिगळ कापलं, सोल्युशन लावलं, पँटीला चिकटवलं आणि ह्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "झाली शिलाई." तेव्हापासून ह्या दोघांची नजरानजर नाही.

परवा एक गिऱ्हाईक आलं. त्यानं पँटची उंची घरीच कमी करून एक पाय आखूड करून ठेवला होता. हे त्याला सुनावत होते, "ज्याचं काम त्यानंच करावं. वाचवायला जाता आणि कापडाचा जीव घेता." हे बोलताना ह्यांच्या हातात माझ्या सायकलचं फ्रीव्हील होतं.

तू लावलीस, तूच विझव. ह्यांना लिही की कारागिराकडे टाका. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. तू लांब असतोस ना.

ताई


२७ जानेवारी

ती. दाजींना नमस्कार.

ताईचं पत्र आलं. तिनं मला तुम्हाला काहीतरी लिहायला सांगितलंय, पण ते काय होतं ते बाजूला ठेवू, कारण मधल्या काळात माझ्या आयुष्यात मोठा बदल झालाय. पूल सुटला. मी आता एका सायकलच्या कारखान्यात आहे. मला खास ठेवून घेतलंय म्हणा ना. माझ्याशिवाय इथलं पान हलत नाही. तेव्हा आता जे लिहितो ते ऐकीव नाही, कारखान्यातलं आहे. एवढं असताना तुम्ही पंक्चरशेठच्या पायरीला पाय लावलात तर माझं नाक कापलं जाईल.

आधी फ्रेम उलटी उभी करा, हँडल आणि सीट जमिनीला. चेन रॉकेलमध्ये भिजत घाला. जुन्या दातांच्या ब्रशनं घासा, फडक्यात गुंडाळून ओढा, मग एकेका कडीवर तेलाचा एकेक थेंब. ओतायचं नाही. जास्त तेल म्हणजे धुळीला आमंत्रण. इथं एक बाई आहेत, त्या चेन ओघळेपर्यंत तेल घालतात आणि मग पांढरी साडी नेसून फिरायला जातात. त्यांचा नवरा बँकेत आहे, पण तो विषय वेगळा.

चाकाचं महत्त्वाचं. छर्रे पुसून, ग्रीसमध्ये बसवून, वरून कोन, म्हणजे आसावरची निमुळती चकती, आवळायचा. किती? तर चाक धरून हलवलं तर खडखडायला नको आणि हातानं फिरवलं तर अडायला नको. तुमच्या भाषेत सांगायचं तर कॉलर. गळा आवळायला नको आणि बोट आत जायला हवं. ही उपमा मला काल रात्री सुचली आणि मी उठून बसलो.

ब्रेकच्या रबरी गिट्ट्या रिमला समोरासमोर टेकल्या पाहिजेत. टायरला घासल्या तर टायर खातात.

आता पेडल. उजवं पेडल नेहमीसारखं सरळ आवळायचं. डाव्या पेडलाची मात्र एक गोम आहे, ती नीट लक्षात ठेवा, नाहीतर

आलो. मधेच एक माणूस अख्खी लाकडाची सायकल घेऊन आला होता. चाकंसुद्धा लाकडाची. स्वतःच घडवली म्हणे, आता सर्व्हिसिंग करून हवी. आमच्या कारखान्याच्या मालकीणबाईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि त्याला सुताराचा पत्ता दिला. आम्ही सगळे त्याला गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत सोडायला गेलो होतो.

तर कुठवर आलो होतो? घंटी. घंटीची वाटी उघडून आतल्या दातांना थेंबभर तेल. झालं ओव्हरऑइल, म्हणजे अख्खी सर्व्हिसिंग. ह्यासाठी लोक पैसे मोजतात.

तुमचा,
भिंगऱ्या


६ फेब्रुवारी

चि. मेहुण्यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र टेबलावर कैचीखाली दाबून ठेवले व ओळीबरहुकूम काम केले. कॉलरची उपमा उत्तम. चाक असे फिरते की शेजारची मंडळी बघायला आली.

डाव्या पेडलाने मात्र छळले. मी आवळावे आणि ते बाहेर यावे. तुझ्या पत्रात त्याबद्दल अर्धेच वाक्य होते. म्हटले, एवढ्यासाठी तुला तार काय करायची? पान्याच्या दांड्यात नळाचा तुकडा अडकवला, पायाने जोर दिला, तेव्हा किंचित तिरके का होईना पण एकदाचे बसले. आता ते सात जन्म निघायचे नाही.

तुझी ताई त्याच सायकलीवरून टेकडीपलीकडे जाऊन वेळेवर परत येते. विचारले, कशी चालते? म्हणाली, "लोण्यासारखी." तिच्या तोंडून एवढे कौतुक माझ्या शिवणाचेही कधी ऐकले नाही.

तुला म्हणून सांगतो. दुकानात आता काम थोडे. तयार कपडे स्वस्त मिळतात, लोक काजेसुद्धा करायला येत नाहीत. मशीनवर खोळ घालून ठेवली की खोळीवर धूळ बसते, ती झटकायची, एवढेच काम काही काही दिवशी. घर तिच्या पगारावर चालते. ती बोलत नाही, मीही बोलत नाही. पण शनिवारी संध्याकाळी सायकल टेबलावर घेतली की वाटते, ह्या पगारात आपलाही एक टाका आहे. ती टेकडी चढते ते माझ्या चाकावर चढते.

समोरचा हल्ली आमच्या दुकानाकडे बघून हसतो. हसू दे. वरच्या मजल्यावरच्या टायपिंगवाल्या बाईंनी आपली सायकलही माझ्याकडे दिली आहे. फुकट करून देणार आहे. नाव होते.

तुझा,
दाजी


१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

दाजींचं पत्र वाचून मी मालकीणबाईंना ते मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या नळाच्या तुकड्यापाशी चहा घेता घेता थांबल्या आणि "अरे देवा" म्हणाल्या, पण त्या जरा जुन्या वळणाच्या आहेत.

लोण्यासारखी चालते म्हणालीस ना? माझी ओळ न ओळ कामी आली तर. मला आयुष्यात पहिल्यांदाच असं वाटतंय की मी कुणाला काही शिकवलं. शाळेत मी दुसऱ्यांदा त्याच वर्गात बसलो तेव्हा मास्तर म्हणाले होते, "तू एक दिवस ह्या वर्गाला शिकवशील, इतकी वर्षं इथं काढशील." त्यातलं अर्धं खरं झालं.

तर ऐक. मी परत येतोय. कायमचा. दाजींच्या दुकानाचा पुढचा ओटा रिकामाच असतो. तिथं मी आणि दाजी सायकल सर्व्हिसिंग सुरू करतो. आत शिलाई, बाहेर सायकल. पाटीसुद्धा मनात रंगवून झाली: 'मेहुणे आणि दाजी, घरच्यासारखं काम'. मला रंगकाम येतंच. पंक्चरशेठला महिनाभरात दुकान बंद करावं लागेल. आधी ओळखीच्यांच्या सायकली घेऊ, टायपिंगवाल्या बाईंपासून सुरुवात झालेलीच आहे. तुझ्या पाणीखात्यातल्या सगळ्यांना सांगून ठेव. साहेबांच्या भाच्यालासुद्धा. स्टूल त्याला कायमचं सर्व्हिसिंग करून देऊ.

महिनाअखेर निघतो. दाजींना आजच वेगळं लिहिणार होतो पण पोस्टाचं तिकीट एकच आहे.

भिंगऱ्या


२५ फेब्रुवारी

भिंगऱ्या,

तिकीट एकच होतं हे माझं नशीब. ह्यांना काही लिहू नकोस आणि तू येऊ नकोस. का ते सांगते, आणि हे पत्र वाचून झालं की मालकीणबाईंना मोठ्यानं वाचून दाखवू नकोस.

सायकल लोण्यासारखी चालली ती पहिला दिवस. दुसऱ्या दिवशी टेकडीच्या निम्म्या चढावर डावं पेडल निखळून माझ्या पायासकट बाजूला झालं. पडले. गुडघा फुटला, तो मी साडीखाली लपवला. पेडल पिशवीत टाकलं, सायकल हातात धरून अख्खी वस्ती पायी केली, मीटर सगळे वाचले. परत आले तेव्हा ऑफिस बंद व्हायला आलं होतं आणि भाचा स्टुलावरून उठून उभा होता. माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून.

घरी येताना मागच्या बोळातून पंक्चरशेठकडे गेले. त्यानं पेडल बघितलं, ते ज्यात बसतं तो दांडा बघितला आणि विचारलं, "कुणी आवळलं?" मी म्हटलं, "घरीच." तो म्हणाला, "डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात वहिनी. सगळं जग उजवीकडे आवळतं, हे एकटं डावीकडे. ह्यांनी जोरानं आटेच खाऊन टाकले." दांडा नवा घालावा लागला. तुझं ते अर्धं वाक्य मला महाग पडलं रे.

तेव्हापासून असं चाललंय. शनिवारी संध्याकाळी हे सर्व्हिसिंग करतात. सोमवारी मी कामाला म्हणून जरा आधी निघते, बोळातून पंक्चरशेठकडे जाते, तो ह्यांनी केलेलं सगळं सोडवतो आणि पुन्हा बसवतो. टायपिंगवाल्या बाईंची सायकलसुद्धा मीच "जरा चालवून बघते" म्हणून नेऊन नीट करून आणली. पैसे माझ्या पगारातून. पंक्चरशेठ म्हणतो, "शिंपीसाहेब स्वतः दुरुस्ती करायला लागल्यापासून धंदा बरा चाललाय." आणि तू म्हणतोस पाटी लावू.

तू विचारशील, सांगून का टाकत नाहीस? तू ह्यांना शनिवारी बघितलं नाहीस. आठवडाभर हे दुकानात बसून रस्ता बघतात. कुणी आत वळलं की अर्धे उठतात, तो पत्ता विचारायला आलेला असतो. शनिवारी मात्र सायकल टेबलावर चढली की ह्यांच्या तोंडात गाणं येतं. बेसूर आहे, पण गाणं आहे. ते मी बंद करू? एका पेडलासाठी?

नोकरी राहिली पाहिजे आणि हेही राहिलं पाहिजे. दोन्हीचं मिळून जे काय बिल होईल ते मी भरते आहे. तू फक्त शेजारपाजारच्या सायकली बंद होतील असं काहीतरी कर.

ताई


७ मार्च

ताई,

मालकीणबाईंना वाचून दाखवलं नाही. त्यांनीच वाचलं. मी चहा आणायला गेलो होतो आणि पत्र बाकावर राहिलं. त्या बराच वेळ हसल्या, मग म्हणाल्या, "तुझी ताई शहाणी आहे, तू कुणावर गेलास?"

आता झाकून काय ठेवू. हा कारखाना नव्हे, सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि मला इथं कुणी खास बोलावलेलं नाही. मागचं चाक झिंगत होतं म्हणून मी कोन इतका आवळला की चाक फिरायचंच थांबलं. तशीच रेटली, तर छर्र्यांचं पीठ झालं. सायकल खांद्यावर घेऊन इथं आलो. पैसे नव्हते, म्हणून चेनी धुऊन फेडतोय. मालकीणबाई म्हणतात, "घरी दुरुस्त करणाऱ्यांवरच माझं घर चालतं. ज्यांना हात लावायची भीती वाटते ते वर्षातून एकदा येतात. तुमच्यासारखे दर महिन्याला."

पण तुझं काम केलं. दाजींना पत्र धाडलं. त्यात लिहिलं की मोठमोठ्या कारखान्यांत एका सायकलीला एकच कारागीर असतो, घरच्या डॉक्टरसारखा, आणि जो दहा सायकलींना हात लावतो त्याचा हात बिघडतो. तुम्ही ताईच्या सायकलीचे, मग दुसरीला हात लावायचा नाही. मला वाटतं त्यांना पटेल, कारण लिहिताना मलाही पटलं.

आणि डाव्या पेडलाचंही पूर्ण वाक्य लिहून टाकलं, की उलटं फिरवायचं. उशिरा का होईना. कारण मात्र असं दिलं की परदेशी पेडलांचं तसं असतं, पुढेमागे कधी समोर आलं तर माहीत असावं.

माझी सायकल तयार आहे. केव्हाही निघू शकतो. पण इथं परवा एक तीनचाकी येणार आहे, तिला मागं दोन नाहीत, पुढं दोन चाकं आहेत. ती बघून निघतो.

भिंगऱ्या


११ एप्रिल

भिंगऱ्या,

नोकरी पक्की झाली. कागद हातात आला तेव्हा साहेब म्हणाले, "टेकडीपलीकडची बिलं पहिल्यांदाच बरोबर आलीत." भाच्याला दुसऱ्या खात्यात बसवलंय. स्टूल त्यानं सोबत नेलं.

तुझं डॉक्टरचं पत्र उपयोगी पडलं. शेजाऱ्यांच्या सायकली बंद झाल्या.

आता पुढचं. पक्क्या नोकरीबरोबर खात्याची सायकल मिळते. नवी कोरी, हिरवी. तिची सर्व्हिसिंगही खात्याचीच. ठेकेदाराचा माणूस येऊन नेतो आणि आणून देतो, घरच्या कुणी तिला हात लावायचा नाही असं लेखी असतं. मला तर उडी मारावीशी वाटली. बोळ सुटला, पंक्चरशेठ सुटला, सोमवारची पहाट सुटली.

रात्री जेवताना ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "छान झालं. नवी आहे तर नवीच वापर." पाणी प्यायले आणि पुन्हा म्हणाले, "छान झालं." त्या शनिवारी हे दुकानात टेबल पुसत होते. टेबलावर काही नव्हतं. तरी पुसत होते.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं, मला खात्याची सायकल नको, माझी आहे. ते म्हणाले, "फुकट मिळते ती नको?" मी म्हटलं, "मला ह्या सीटची सवय आहे." त्यांनी माझ्याकडे बघितलं तसं तूही आता ह्या पत्राकडे बघत असशील.

पण अडचण अशी की पंक्चरशेठनं सायकल इतकी ठाकठीक केली आहे, आणि पेडलाचं तुझं वाक्य वाचल्यापासून हेही इतकं जपून हात लावतात, की शनिवारी ह्यांना करायला काही उरतच नाही. गेल्या आठवड्यात सगळीकडे पाना लावून बघितला, सगळं घट्ट. चाक नुसतं फिरवत बसले.

म्हणून पुन्हा बोळातून गेले. पंक्चरशेठला विचारलं, "ढिलं केलं तरी मी पडणार नाही असं ह्यात काय काय आहे?" त्यानं मान खाजवली. म्हणाला, एवढ्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मग मागच्या मडगार्डाचा नट दाखवला, कॅरियरचा दाखवला, घंटीचा दाखवला. पाना कसा धरायचा तेही शिकवलं. आता शुक्रवारी रात्री हे झोपले की मी ते तीन सोडवते. ते घट्ट असतात, हाताला घट्टे पडलेत.

शिकवण्याचे पैसे घेतले त्यानं. म्हणाला, सर्व्हिसिंग ती सर्व्हिसिंग.

ताई


३ मे

चि. मेहुण्यास आशीर्वाद.

तू तीनचाकी बघायला थांबलास तो अजून थांबलेलाच आहेस असे दिसते. मालकीणबाई चांगल्या असाव्यात.

एक गोष्ट कुणाला तरी सांगायला हवी. ताईला सांगण्यासारखी नाही, म्हणून तुला.

पेडलाबद्दलचे तुझे पूर्ण वाक्य मार्चमध्ये वाचले तेव्हाच मी उठून सायकलीपाशी गेलो. पेडल सरळ बसलेले होते. दांड्यावर माझ्या पान्याचा मोठा ओरखडा होता, तो नव्हता. एका कापडाच्या जागी दुसरे लावले तर शिंप्याला कळते रे. सगळे उमगले. ती सोमवारी लवकर का निघते, समोरचा का हसतो, सगळे. मशीनची खोळ काढली, तेल घातले, पुन्हा खोळ घातली. ठरवले की यापुढे सायकल वरवर पुसायची, बाकी हात लावायचा नाही. त्यात खात्याची सायकल मिळाली असे तिने सांगितले, तेव्हा वाटले, सुटलो एकदाचे.

मग तिने ती घेतली नाही. फुकटची, नवी, बिनकटकटीची. मला म्हणाली, "तुमच्या हातची सवय झालीय." मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. खोटे बोलताना तिची एक भुवई वर जाते, ती वर गेलेली होती.

तेव्हापासून दर शनिवारी तीन नट ढिले सापडतात. मडगार्ड, कॅरियर, घंटी. तेच तीन. घंटीचा नट आठवडाभरात आपोआप सुटत नाही, एवढे आता मलाही कळते. मी "अरेच्चा" म्हणतो, पाना घेतो, आवळतो. ती आतून विचारते, "काय होतं?" मी सांगतो, "बरं झालं बघितलं, नाहीतर वाटेत पडला असता." ती म्हणते, "तुम्ही आहात म्हणून."

परवा जेवायला वाढताना तिचा तळहात दिसला. पाना धरतो तिथे घट्टे पडलेत. मी कॅरियरचा नट पायाने जोर देऊन आवळत होतो, जुनी खोड. आता तसे करत नाही. तिच्या हाताला सहज सुटेल इतपतच आवळतो.

तुझा,
दाजी